बोअर युद्धातील छळछावण्या

दक्षिण आफ्रिकेत ऑक्टोबर १८९९ ते मे १९०२ या काळात ब्रिटिश साम्राज्य आणि ट्रान्सवाल व ऑरेंज फ्री स्टेट ही दोन बोअर प्रजासत्ताके यांच्यात युद्ध झाले. डच वंशाच्या शेतकऱ्यांना तेथे बोअर म्हणत. १९०० साली दोन्ही राजधान्या पडल्यानंतर बोअरांनी गनिमी काव्याचा अवलंब केला. त्यांची रसद तोडण्यासाठी ब्रिटिश सेनापती रॉबर्ट्स व त्यांच्यानंतर किचनर यांनी शेतघरे जाळली, पिके व गुरे नष्ट केली. बेघर झालेल्या कुटुंबांना लोहमार्गालगतच्या तंबूंच्या छावण्यांत डांबण्यात आले. पकडलेल्या सैनिकांची मात्र सेंट हेलेना, सिलोन, हिंदुस्थान अशा दूरच्या ठिकाणी रवानगी झाली. मुंबई इलाख्यातील अहमदनगर येथेही बोअर युद्धकैदी होते.

छावण्यांत अपुरे अन्न, दूषित पाणी व दाटी यांमुळे गोवर, विषमज्वर व हगवण फैलावली. ज्यांचे पुरुष अद्याप लढत होते, त्या कुटुंबांना आरंभी कमी शिधा मिळे. एमिली हॉबहाऊस या इंग्रज समाजसेविकेने १९०१ च्या आरंभी छावण्या पाहून अहवाल प्रसिद्ध केला. उदारमतवादी नेते कॅम्पबेल-बॅनरमन यांनी या युद्धनीतीचा जाहीर निषेध केला. सरकारने मिलिसेंट फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली महिलांचा आयोग नेमला. त्याच्या शिफारशींनंतर व्यवस्था सुधारली आणि १९०२ मध्ये मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे ते टाळता येण्याजोगे होते. तोवर सुमारे २८ हजार बोअर दगावले होते. त्यांपैकी सुमारे २२ हजार सोळा वर्षांखालील मुले होती.

कृष्णवर्णीयांसाठी साठांहून अधिक स्वतंत्र छावण्या होत्या. तेथे लाखाहून अधिक माणसे होती. पुरुषांना लष्कराची मजुरी करावी लागे, तर धान्य बहुधा विकत घ्यावे किंवा स्वतः पिकवावे लागे. हॉबहाऊस यांना या छावण्या पाहता आल्या नाहीत आणि फॉसेट आयोगानेही त्यांची पाहणी केली नाही. तेथील १४ हजारांहून अधिक मृत्यूंची नोंद सापडते. प्रत्यक्ष संख्या २० हजारांवर असावी, असे इतिहासकार मानतात. त्यांतही बहुसंख्य मुलेच होती.

ब्लुमफाँटेन येथे १९१३ साली राष्ट्रीय स्मारक उभे राहिले, ते बोअर स्त्रिया व मुलांचे. हॉबहाऊस यांच्या अस्थीही १९२६ साली तेथेच ठेवण्यात आल्या. कृष्णवर्णीय मृतांच्या कबरींचा व नोंदींचा शोध मात्र अनेक दशकांनंतर सुरू झाला. एकाच युद्धातील दोन समाजांच्या मृतांची मोजदादही वर्णभेदातून सुटली नाही.