हिवताप : मानवी आरोग्यावरील परिणाम

हिवताप (मलेरिया) हा प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होणारा व ॲनोफिलीस डासाच्या मादीमार्फत पसरणारा रोग आहे. माणसाला होणाऱ्या त्याच्या प्रकारांत फाल्सिपेरम सर्वांत घातक, तर व्हायव्हॅक्स चिवट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २६.३ कोटी लोकांना हिवताप झाला व ५,९७,००० दगावले. बहुतेक मृत्यू आफ्रिकेतील असून तेथील दर चार मृतांत तीन पाच वर्षांखालची मुले होती. मात्र या रोगाने केलेली हानी केवळ मृतांच्या संख्येवरून मोजणे अपुरे आहे.

डासाच्या लाळेतून आलेले परजीवी आधी यकृतात वाढतात, मग तांबड्या रक्तपेशींत शिरतात. या पेशी फुटतात तेव्हा हुडहुडी भरते, ताप चढतो व घाम येऊन उतरतो. ताप उतरला म्हणजे दुखणे गेले, ही समजूत घातक आहे. फाल्सिपेरमने बाधित झालेल्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात. मेंदूत असे घडल्यास झटके येतात, रुग्ण बेशुद्ध होतो. मूत्रपिंडे निकामी होणे, फुप्फुसांत पाणी साठणे, रक्तातील साखर घटणे हेही संभवते. मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या काही मुलांना पुढे फेफरे येते, बोलण्यात व शिकण्यात अडचणी राहतात.

पुन्हापुन्हा लागण झाल्यास रक्तक्षय होतो, मूल खुरटते आणि पानथरी (प्लीहा) वाढते. मुलांची पोटे चाचपून वाढलेल्या पानथऱ्या मोजायच्या व त्यावरून गावातील हिवतापाचा जोर ठरवायचा, ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासून रूढ होती. गरोदरपणात परजीवी वारेत साठतात. आईला रक्तक्षय होतो, गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळ कमी वजनाचे जन्मते. पहिलटकरणीला हा धोका सर्वाधिक.

व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त राहून महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी भारतात प्रिमाक्विन १४ दिवस देतात. बरे वाटताच गोळ्या सोडणे हे ताप उलटण्याचे नेहमीचे कारण. जी६पीडी विकराची कमतरता असलेल्यांत मात्र याच औषधाने तांबड्या पेशी फुटू शकतात.

मानवी वंशावरही या रोगाची खूण आहे. सिकलसेलचे जनुक एकाच पालकाकडून आलेल्यांना गंभीर हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. दोघांकडून आल्यास सिकलसेल आजार होतो. विदर्भातील आदिवासी भागांत हे जनुक बरेच आढळते.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी रुग्ण व ८ लाख मृत्यू होत. १९५३ च्या नियंत्रण कार्यक्रमानंतर, डीडीटीच्या फवारणीमुळे, १९६० च्या दशकाच्या मध्यास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली. ढिलाईनंतर १९७६ मध्ये ती ६४ लाखांवर गेली. महाराष्ट्रात आज सर्वाधिक झळ गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याला बसते. मुंबईत पाण्याच्या उघड्या टाक्या आणि बांधकामांवरचे साचलेले पाणी डासांना पुरते.

आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार वेळेत मिळाल्यास फाल्सिपेरमचा रुग्ण सहसा वाचतो; म्हणून थंडी वाजून ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आर२१ लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये केली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी ही लस आफ्रिकेतील बालकांना दिली जाते.