सागरी जीवरक्षण आणि लोकदान : ब्रिटिश लाइफबोट संस्थेच्या अर्थव्यवहाराचा इतिहास

परोपकारी संस्थांचे इतिहास लिहिले जातात तेव्हा बहुधा त्यांच्या कार्याला प्रकरणे मिळतात आणि हिशेबाला परिशिष्ट. ब्रिटन व आयर्लंड यांच्या किनाऱ्यांवर बुडत्यांचे प्राण वाचविणाऱ्या ‘रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन’ या संस्थेच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. तिच्या नौका कोणी बांधल्या आणि त्या कोणी हाकारल्या, या प्रश्नांइतकाच त्या कोणाच्या पैशाने तरंगत राहिल्या हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

संस्थेची मूळ प्रेरणा सर विल्यम हिलरी यांची होय. आयल ऑफ मॅन बेटावरील डग्लस येथे राहत असता त्यांनी वादळात फुटणारी जहाजे डोळ्यांनी पाहिली होती आणि मदतीसाठी स्वतः समुद्रात उडीही घेतली होती. १८२३ साली त्यांनी राष्ट्राला उद्देशून एक आवाहनपत्रिका प्रसिद्ध केली. नौदलखात्याकडून प्रतिसाद मिळाला नाही; तेव्हा संसदसदस्य टॉमस विल्सन व व्यापारी जॉर्ज हिबर्ट यांच्या साहाय्याने ४ मार्च १८२४ रोजी लंडन येथे संस्थेची स्थापना झाली. तिचे पहिले नाव ‘जहाजफुटीपासून प्राणरक्षण करणारी राष्ट्रीय संस्था’ अशा अर्थाचे होते. युद्ध असो वा शांतता, सर्व राष्ट्रांच्या लोकांना सारखेच साहाय्य द्यावे, हे तत्त्व स्थापनेच्या ठरावांतच नमूद झाले. या तत्त्वाची परीक्षा पुढे व्हावयाची होती.

पहिल्या वर्षी १०,००० पौंडांच्या जवळपास रक्कम जमली. परंतु पहिला उत्साह ओसरताच ओघही आटला, आणि १८४९ पर्यंत वार्षिक उत्पन्न ३५४ पौंडांवर आले. दरम्यान १८३८ साली ‘फॉरफरशर’ जहाज फुटले असता दीपगृहरक्षकाची कन्या ग्रेस डार्लिंग हिने पित्यासह नाव वल्हवून केलेल्या सुटकेने सारा देश भारावून गेला होता. तरीही त्या भावनेचे नियमित वर्गणीत रूपांतर झाले नाही. लोक शौर्यावर लुब्ध होते. शौर्याला लागणाऱ्या लाकडाची व दोरखंडाची किंमत मात्र कोणाच्या मनात येत नव्हती. स्वतः हिलरी १८४७ साली विपन्नावस्थेत निवर्तले.

डिसेंबर १८४९ मध्ये टाइन नदीच्या मुखाशी साउथ शील्ड्स येथील ‘प्रॉव्हिडन्स’ ही जीवरक्षक नौका उलटून चोवीसपैकी वीस जण बुडाले. ही नौका या संस्थेची नव्हती. पण बुडणाऱ्यांना वाचविणारी नौकाच सुरक्षित नाही, हे सत्य या घटनेने सर्वांसमोर आले. नॉर्थंबरलंडच्या ड्यूकांनी उत्तम नौकेच्या आराखड्यासाठी १०० गिनींचे पारितोषिक ठेवले. सुमारे २८० आराखडे आले आणि जेम्स बीचिंग यांची, उलटली तरी आपोआप सुलटी होणारी नौका निवडली गेली. ड्यूक १८५१ मध्ये संस्थेचे अध्यक्ष झाले, व सचिव रिचर्ड लुइस यांच्या कारभाराखाली तिची घडी पुन्हा बसली. १८५४ साली संस्थेच्या नावात ‘लाइफबोट’ हा शब्द आला. जुन्या नावात हेतू होता, नव्या नावात साधन आले. आणि दात्याला अमूर्त हेतूपेक्षा डोळ्यांपुढे उभी राहणारी नौका अधिक जवळची वाटते, हे पुढील इतिहासावरून दिसते. त्याच सुमारास कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाचे जाकीट तयार केले. १८६१ मध्ये व्हिटबी येथील दुर्घटनेत तेरांपैकी बारा नाविक बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन, व तेच जाकीट त्याच्या अंगावर होते.

१८५४ ते १८६९ या काळात संस्थेने सरकारी अनुदान स्वीकारले आणि नंतर ते सोडून दिले. हा निर्णय वरवर अव्यवहारी वाटतो. परंतु अनुदानाबरोबर नियमांची बंधने येतात आणि ‘सरकार देतेच आहे’ असे वाटून दात्याचा हातही आखडतो. संस्थेने राजकोशाचा निश्चित पैसा सोडून लोकांच्या अनिश्चित दानाचा मार्ग पत्करला. मात्र तो मार्ग राजमार्ग होण्यास आणखी दोन दशके लागली.

त्याला कारण झाली ती ९ डिसेंबर १८८६ची रात्र. लँकेशर किनाऱ्याजवळ ‘मेक्सिको’ हे जर्मन जहाज वादळात सापडले. मदतीला निघालेल्या तीन नौकांपैकी साउथपोर्ट व सेंट ॲन्स येथील नौकांचे २७ नाविक प्राणास मुकले. लिदमच्या नौकेने जहाजावरील बाराही जणांना वाचविले. या नाविकांच्या मागे १६ विधवा आणि ५० पितृहीन मुले उरली. कुटुंबांसाठी निधी जमविताना उद्योगपती चार्ल्स मॅकारा यांच्या ध्यानात आले की, संस्थेच्या उत्पन्नाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग जेमतेम शंभर व्यक्तींकडून येतो. ज्या राष्ट्राच्या नावाने संस्था चालते, ते राष्ट्र दात्यांच्या यादीत जवळजवळ नव्हतेच. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर १८९१ मध्ये मँचेस्टर येथे ‘लाइफबोट शनिवार’ साजरा झाला. समुद्रापासून दूर असलेल्या त्या गिरणगावातील रस्त्यांवरून नौका ओढत नेण्यात आल्या आणि पाच हजार पौंडांहून अधिक निधी जमला. रस्त्यावर डबे फिरवून धर्मादाय निधी जमविण्याचा हा पहिला नोंदलेला प्रसंग मानला जातो. यानंतर स्त्रियांच्या स्थानिक मंडळांनी या कार्याला स्थैर्य दिले.

विसाव्या शतकात वल्ह्यांची जागा यंत्राने घेतली, आणि १९६३ पासून किनाऱ्यालगतच्या कामासाठी हवा भरलेल्या रबरी नौकाही आल्या. खर्च वाढत गेला. पण नौकांवरील बहुसंख्य नाविक आजही स्वयंसेवक आहेत. १९ डिसेंबर १९८१ रोजी कॉर्नवॉलमधील पेनलीची ‘सॉलोमन ब्राउन’ ही नौका आपल्या आठही नाविकांसह बुडाली. कुटुंबांसाठी तीस लाख पौंडांहून अधिक निधी जमला. त्यावर कर आकारण्याची शक्यता दिसताच मोठा लोकक्षोभ उसळला. आता उत्पन्नाचा फार मोठा भाग मृत्युपत्रांतून येतो. दर दहा सुटका-मोहिमांपैकी सहा मोहिमा अशा दानामुळे शक्य होतात, असे संस्था सांगते. मृतांच्या देणगीतून जिवंतांचे रक्षण व्हावे, हा या हिशेबवहीतील सर्वांत अर्थपूर्ण जमाखर्च होय.

१८२४च्या ठरावाची कसोटी २०२१ साली लागली. इंग्लिश खाडीत लहान होड्यांतून येणाऱ्या निर्वासितांना वाचविल्याबद्दल संस्थेवर कडवट टीका झाली. संस्थेने आपले तत्त्व सोडले नाही. उलट एकाच दिवशी दोन लाखांहून अधिक पौंडांच्या देणग्या आल्या. दोनशे वर्षे पूर्ण होईपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत, संस्थेने वाचविलेल्या प्राणांची संख्या १,४६,००० च्या वर गेली होती.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, करुणा ही लाटेप्रमाणे येते व ओसरते. ती येते तेव्हा तिच्यातून कायमची सवय घडविणे, हेच संस्थेचे खरे कर्तृत्व. ३५४ पौंडांचे वर्ष आणि मँचेस्टरच्या रस्त्यांवरील शनिवार यांत फरक लोकांच्या अंतःकरणाचा नव्हता. त्या अंतःकरणापर्यंत पोहोचण्याच्या मार्गाचा होता.