सिम्युलेशन कौन्सिल
संगणकावरील सदृशीकरणाच्या तंत्रासंबंधी विचारविनिमय करण्यासाठी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात १९५२ साली सुरू झालेले अभ्यासकांचे मंडळ. एखाद्या प्रणालीचे वर्तन समीकरणांच्या रूपात मांडणे म्हणजे तिचे गणिती प्रतिमान तयार करणे आणि त्या प्रतिमानावर संगणकाद्वारे प्रयोग करणे म्हणजे सदृशीकरण किंवा सिम्युलेशन होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर मार्गदर्शित क्षेपणास्त्रांच्या अभिकल्पात सदृश संगणकांचा वापर वाढला. प्रत्यक्ष उड्डाण-चाचणी खर्चिक असे. म्हणून क्षेपणास्त्राची गती व नियंत्रण यांची समीकरणे आधी प्रयोगशाळेत सोडविणे आवश्यक ठरले. सदृश संगणकात प्रत्येक चल राशी विद्युत् दाबाने दर्शविली जाते आणि बेरीज, समाकलन इ. क्रिया विवर्धकांच्या मंडलांद्वारे होतात. प्रत्येक प्रश्नासाठी जोडफलकावर तारांची वेगळी जुळणी करावी लागे. राशी व काल यांचे योग्य प्रमाण ठरविणे, तसेच विवर्धकांतील दाबाचे विचलन आवरणे, हे कौशल्य मुख्यतः अनुभवानेच येई. यंत्र विकत घेता येई. त्याबरोबर हे कौशल्य मिळत नसे.

ही उणीव भरून काढण्यासाठी पॉइंट मुगू येथील नौदलाच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रातील अभियंते जॉन मॅक्लाउड यांनी पुढाकार घेऊन सदृश संगणक वापरणाऱ्यांना एकत्र आणले. त्यांनी व त्यांच्या पत्नी सूझेट मॅक्लाउड यांनी मंडळाच्या वार्तापत्राचे काम सांभाळले. पुढे देशाच्या इतर भागांतही प्रादेशिक मंडळे निघाली. १९५७ मध्ये संस्थेची विधिवत नोंदणी झाली आणि १९६३ पासून *सिम्युलेशन* हे तिचे नियतकालिक प्रसिद्ध होऊ लागले.

याच सुमारास अंकीय संगणक अधिक वेगवान होऊन सदृश संगणकांची जागा घेऊ लागले. मंडळ विशिष्ट यंत्राशी जखडलेले असते, तर यंत्राबरोबर तेही मागे पडले असते. तथापि त्याने सदृशीकरणाची पद्धती हाच आपला विषय मानला. संस्थेच्या समितीने १९६७ मध्ये संतत प्रणालींच्या सदृशीकरणासाठी सीएसएसएल या भाषेचा प्रमाण आराखडा प्रसिद्ध केला. या प्रकारच्या भाषेत अवकल समीकरणे जवळजवळ मूळ रूपात लिहिता येतात आणि विधानांचा गणनक्रम संगणक स्वतः लावतो. त्यामुळे पूर्वी तारांच्या जुळणीत अडकलेले प्रतिमान कागदावर वाचण्याजोगे झाले आणि दुसऱ्या अभ्यासकाला ते तपासून पाहणे सुलभ झाले.

संस्थेने पुढे सोसायटी फॉर कॉम्प्युटर सिम्युलेशन हे नाव घेतले. यूरोपातही अशा प्रादेशिक संस्था उदयास आल्या. जर्मन भाषिक प्रदेशासाठी १९८१ मध्ये आसिम ही संस्था स्थापन झाली, तर यूरोपीय संस्थांचा यूरोसिम हा महासंघ १९८९ मध्ये स्थापन झाला. हवामान, साथीचे रोग, धरणांतील पाणी यांविषयीचे निर्णय आज बऱ्याच अंशी संगणकीय प्रतिमानांच्या आधारे घेतले जातात. प्रतिमान चुकीच्या गृहीतांवर उभारलेले असले, तरी संगणक उत्तर देतोच. म्हणून ते इतरांना तपासता येणे महत्त्वाचे ठरते. अशा परस्पर तपासणीस अनुकूल परंपरा घडविण्यात या मंडळाचा मोठा वाटा आहे.