निवडसूची, दूरचित्रवाणीवरील

दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर उपलब्ध चित्रपट, कार्यक्रम वा माहिती यांची नावे दाखवून त्यांतून प्रेक्षकाला हवे ते मागविता येईल अशी जी मांडणी केलेली असते, तिला निवडसूची किंवा रूढ शब्दात मेनू म्हणतात. प्रेक्षकाने मागितल्यावर त्याच क्षणी चित्रपट सुरू करणाऱ्या सेवांचा ती प्रवेशदरवाजा होय. नेहमीच्या प्रसारणात कार्यक्रम केव्हा दाखवायचा हे प्रसारण केंद्र ठरविते, त्यामुळे वृत्तपत्रात छापलेले वेळापत्रक प्रेक्षकाला पुरत असे. निवड प्रेक्षकाकडे आली, तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या : हातातील मोजक्या कळांनी शेकडो नावांतून एक कसे निवडायचे आणि ती निवड केंद्रापर्यंत परत कशी पोहोचवायची. निवडसूचीचा इतिहास मुख्यत्वे या दोन अडचणींच्या सोडवणुकीचा आहे.

पहिले प्रयत्न चलच्चित्रांचे नसून मजकुराचे होते. ब्रिटनमध्ये बीबीसीने २३ सप्टेंबर १९७४ रोजी सीफॅक्स ही सेवा सुरू केली. तीत मजकुराची पृष्ठे प्रसारण लहरींबरोबर एकामागून एक फिरत राहत आणि प्रेक्षकाने तीन अंकी क्रमांक दाबला की ते पृष्ठ फिरून येताच संच ते पकडून ठेवी. प्रेक्षकाकडून केंद्राकडे कोणताही संदेश जात नसे. निवडीचा तो एक आभासच होता. १०० हा क्रमांक अनुक्रमणिकेचा असे. दिल्लीत दूरदर्शनने १९८५ मध्ये सुरू केलेली इन्टेक्स्ट सेवा याच धर्तीची होती. ब्रिटिश पोस्ट ऑफिसमधील अभियंते सॅम फेडिडा यांच्या कल्पनेतून साकारलेली व १९७९ मध्ये जनतेसाठी खुली झालेली प्रेस्टेल सेवा मात्र दूरध्वनीच्या तारेमुळे खरोखर द्विमार्गी होती. तिची रचना वृक्षासारखी होती : एका पृष्ठावरील अंक दाबला की त्याच्या शाखेचे पृष्ठ, तेथून उपशाखेचे पृष्ठ आणि अखेर हवी ती माहिती. शाखा चुकली की मागे फिरावे लागे आणि तोवर दूरध्वनीचा आकार वाढत राही. म्हणून सराईत ग्राहक छापील निर्देशिकेतून पृष्ठक्रमांक पाहून थेट तेच दाबीत. निवडसूचीचा वापर टाळण्यासाठी कागदी सूची लागावी, हा या पद्धतीतील दोष पुढील रचनाकारांना बराच काळ छळत राहिला.

चित्रपटांच्या बाबतीत अमेरिकेतील ओहायओ राज्याच्या कोलंबस शहरात वॉर्नर केबल कंपनीने १ डिसेंबर १९७७ रोजी सुरू केलेला क्यूब हा उपक्रम महत्त्वाचा ठरला. त्यात ३० वाहिन्या होत्या. संचाला तारेने जोडलेल्या लहान पेटीवर वाहिन्या निवडण्याच्या कळांखेरीज उत्तरे देण्यासाठी वेगळ्या पाच कळा असत. त्या दाबून प्रेक्षक प्रश्नमंजूषेत भाग घेत वा एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर मत नोंदवीत. काही वाहिन्यांवर पैसे देऊन चित्रपट पाहता येत. मात्र चित्रपटाची वेळ ठरलेलीच असे. मागणी होती ती केवळ प्रवेशाची, आरंभाची नव्हे. केंद्रातील संगणक दर सहा सेकंदांनी प्रत्येक घराची चौकशी करून कोणती वाहिनी लागलेली आहे हे नोंदवून घेई. देयक आकारण्यासाठी ही नोंद आवश्यक होती. परंतु कोणत्या घरात काय पाहिले जाते याची यादीही तिच्यातून आपोआप तयार होत होती. यावर टीका झाल्याने कंपनीने स्वतःवर गोपनीयतेची आचारसंहिता लादून घेतली आणि १९८४ च्या अमेरिकन केबल कायद्यात ग्राहकाच्या वैयक्तिक माहितीला संरक्षण मिळाले. त्याच वर्षी खर्च न झेपल्याने क्यूबचे संवादी कार्यक्रम गुंडाळण्यात आले. जपानमध्ये नारा प्रांतातील हिगाशी-इकोमा येथे १९७८ मध्ये प्रकाशीय तंतूंनी सु. १५८ घरे जोडून केलेल्या हाय-ओव्हिस प्रयोगात केंद्रावरील चित्रफीत मागविण्याची सोय होती.

पुढील टप्पा अंकीय संपीडनाने शक्य झाला. एमपीईजी मानकांमुळे १९९० नंतर चित्रपट संगणकाच्या चकतीवर साठवून एकाच वेळी अनेकांना वेगवेगळ्या क्षणापासून पाठविता येऊ लागला. टाइम वॉर्नर कंपनीने जानेवारी १९९३ मध्ये गाजावाजा करून जाहीर केलेली फुल सर्व्हिस नेटवर्क ही सेवा फ्लॉरिडातील ऑर्लँडो येथे नियोजित वेळेनंतर अनेक महिन्यांनी, १४ डिसेंबर १९९४ रोजी सुरू झाली आणि पुढे ४,००० घरांपर्यंत पोहोचली. तिची निवडसूची त्रिमितीय होती. पडद्यावर एक चक्र फिरे आणि त्यावरील चित्रपट, खेळ, खरेदी इ. विभागांपैकी हवा तो समोर आला की प्रेक्षक कळ दाबी. चित्रपट थांबविता, मागे वा पुढे नेता येई. मात्र हे चक्र सफाईने फिरविण्यासाठी प्रत्येक घरातील पेटीत सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या बनावटीचा, अभियंत्यांच्या कामाच्या संगणकाच्या तोडीचा संगणक बसवावा लागला. एका पेटीचा खर्च हजारो डॉलरांत गेला, तर तोच चित्रपट कोपऱ्यावरील दुकानात दोनतीन डॉलर भाड्याने मिळे. १९९७ मध्ये सेवा बंद झाली. ती फसली ती जमाखर्चात. प्रेक्षकाला स्वतःच्या वेळी चित्रपट हवा असतो हे तिचे गृहीतक पुढील काळाने खरे ठरविले. हाँगकाँगमध्ये १९९८ साली व्यापारी तत्त्वावर सुरू झालेली अशीच सेवा २००२ मध्ये थांबली.

घरोघरी वेगवान इंटरनेट पोहोचल्यावर खास जाळे उभारण्याची गरज उरली नाही. टपालाने डीव्हीडी पाठविणाऱ्या नेटफ्लिक्सने जानेवारी २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखविण्यास प्रारंभ केला. बीबीसीचा आयप्लेअर त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला. या सेवांनी शाखा व क्रमांक बाजूला सारून चित्रपटांच्या भित्तिचित्रांच्या आडव्या ओळी मांडल्या. रिमोटवरील बाणांच्या कळांनी एकेक अक्षर जुळवून नाव लिहिणे कष्टाचे असल्याने, प्रेक्षकाला काही लिहावेच लागू नये असा या मांडणीचा रोख आहे. त्यासाठी त्याला काय आवडेल याचे अनुमान आधीच करावे लागते. अनुमानाची अचूकता १० टक्क्यांनी वाढविणाऱ्यास नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले व ते २००९ मध्ये दिले. तथापि विजेती पद्धती संपूर्णपणे कधीच वापरात आणली गेली नाही. पुढे एकाच चित्रपटासाठी निरनिराळ्या प्रेक्षकांना निरनिराळे चित्र दाखविण्याची प्रथाही पडली. मालिकेचा एक भाग संपताच पुढचा आपोआप सुरू होतो, तेव्हा तर निवडसूची मध्ये येतच नाही.

सीफॅक्सचे १०० क्रमांकाचे पृष्ठ सर्व घरांत एकच होते. आता शेजारच्या दोन घरांतील पहिले पृष्ठ सहसा सारखे नसते आणि कोणाला काय दाखविले गेले हे बाहेरून पडताळणे अवघड असते. क्यूबच्या काळी आक्षेप नोंद ठेवण्याला होता. आता त्या नोंदीवरूनच सूची रचली जाते. संग्रहात असलेला परंतु दहाव्या ओळीच्या टोकाशी पडलेला चित्रपट व्यवहारात नसल्यासारखाच होतो. लहान भाषांना याचा फटका अधिक बसतो. मराठी नाव रोमन लिपीत लिहून शोधताना ‘ळ’ किंवा ‘ण’ यांसाठी ठरलेले अक्षर नसल्याने शोध चुकण्याचा संभव राहतो. नेटफ्लिक्सची निवडसूची हिंदीत आली तीही ऑगस्ट २०२० मध्ये. यूरोपीय संघाने २०१८ च्या निर्देशानुसार अशा सेवांच्या संग्रहात किमान ३० टक्के यूरोपीय कृती असण्याचे बंधन घातले आणि त्या ठळकपणे दिसल्या पाहिजेत असेही सांगितले. ब्रिटनच्या २०२४ च्या माध्यम कायद्याने इंटरनेटशी जोडलेल्या दूरचित्रवाणी संचांच्या निवडसूचीत सार्वजनिक प्रसारकांच्या सेवांना ठळक स्थान देण्याची तरतूद केली आहे.