बापानंच हरकत घेतली तेव्हा

लातूरकडं पैलवानाच्या पोराला लोक आधी बापाच्या नावानं ओळखतात. रिचर्ड पेटीचंही तसंच होतं. बाप ली पेटी अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा, म्हणजे रोजच्या गाड्यांवरून बांधलेल्या गाड्यांच्या शर्यतींचा, नावाजलेला चालक. १९५८ साली टोरांटोत रिचर्ड पहिल्यांदा मोठ्या शर्यतीत उतरला आणि बापाच्याच गाडीच्या धक्क्यानं कुंपणावर गेला. शर्यत लीनं जिंकली.

फेब्रुवारी १९५९ मध्ये डेटोनाची शर्यत इतकी अटीतटीची झाली, की फोटो आणि चित्रफिती तपासून लीला विजेता ठरवायला तीन दिवस लागले. त्याच जूनमध्ये अटलांटात रिचर्ड पहिला आल्याचं जाहीर झालं. हरकत कुणी घेतली असेल? बापानं! फेऱ्या तेव्हा माणसं हातानं मोजत. नोंदी पुन्हा तपासल्या आणि विजय लीच्या नावावर गेला.

रिचर्डला पहिला विजय १९६० साली मिळाला. पुढं त्यानं एकूण २०० शर्यती आणि ७ अजिंक्यपदं जिंकली.

नांदेडच्या प्रयोगशाळेत गाईड मला तेच रीडिंग तिसऱ्यांदा घ्यायला लावतात, तेव्हा रागच येतो. मग अटलांटाची ती वही आठवते. तुम्हीच सांगा, लीनं पोराचं नुकसान केलं का?