उतारवयातील गायकमंडळी आणि ध्वनिमुद्रिकेचा पाठ

१५ डिसेंबर २०१९ रोजी नेरूळ येथील डी. वाय. पाटील क्रीडागारात ‘यू टू’ या आयरिश रॉक संघाचा कार्यक्रम झाला. पनवेलहून उपनगरी गाडीने निघाले म्हणजे खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स आणि मग नेरूळ. म्हणजे हा जागतिक कीर्तीचा संघ पनवेलकरांच्या अगदी दाराशी येऊन गेला असे म्हणावयास हरकत नाही. डब्लिनमधील एका शाळेत १९७६ साली जमलेली चार मुले या दिवशी अठ्ठावन्न-एकोणसाठ वर्षांची होती. त्यांनी त्या रात्री पुष्कळ गाणी म्हटली. परंतु कार्यक्रमाचा गाभा होता तो १९८७ साली निघालेल्या ‘द जोशुआ ट्री’ या ध्वनिमुद्रिकेचा. तिच्यातील सर्व गाणी, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, मुद्रिकेवर ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने गायिली गेली. या प्रकारास आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे : पारायण. ग्रंथ ठरलेला, अध्यायांचा क्रम ठरलेला, एक ओवी गाळावयाची नाही की एक वाढवावयाची नाही. कीर्तनकार पूर्वरंगात अभंग निवडतो आणि उत्तररंगात आख्यान हवे तसे फुलवतो. पारायणकर्त्यास ही मोकळीक नसते.

तारुण्यात नाव मिळविलेल्या रॉक संघांनी साठी-सत्तरीतही रंगमंचावर उभे राहावे, ही गेल्या तीन-चार दशकांत जगभर दिसू लागलेली गोष्ट आहे. तिची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात ती दोन : पैसा आणि श्रोत्यांची स्मृतिरंजनाची हौस. दोन्ही खरी आहेत. १९९९ साली ‘नॅपस्टर’ सुरू झाल्यानंतर गाणी फुकट मिळू लागली, मुद्रिकांच्या विक्रीवरील उत्पन्न आटले आणि कलावंतांची मुख्य मिळकत प्रत्यक्ष कार्यक्रमांवर येऊन ठेपली. ‘रोलिंग स्टोन्स’ या संघाच्या २०२४ सालच्या अमेरिकेतील दौऱ्याचे प्रायोजकत्व ‘एएआरपी’ या पन्नाशीपुढील नागरिकांच्या संस्थेकडे होते, एवढे सांगितले म्हणजे श्रोतृवर्गाचे वयही कळते. परंतु या कारणांनी वृद्ध गायक रंगमंचावर का येतो एवढेच समजते. तो आल्यावर त्याचे गाणे आपण कोणत्या मापाने मोजतो, आणि ते माप आले कोठून, हा प्रश्न तसाच राहतो. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे. आणि त्याच्या उत्तरासाठी मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास पाहावा लागतो.

प्रथम ‘मंडळी’ या शब्दाविषयी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि १८८५ साली ते निवर्तले. किर्लोस्कर नाटक मंडळी मात्र पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. मंडळीचे सर्वांत लाडके गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस मंडळीत आले, तरी गावात बातमी पसरे ती ‘किर्लोस्कर मंडळी आली’ अशीच. ‘मंडळी’ हे समूहवाचक नाम व्यक्तींची मोजदाद करीत नाही. आतील माणसे बदलली तरी क्रियापद बदलत नाही. इंग्रजी ‘बँड’ हा शब्द मराठीने लष्करी व वरातीच्या वाद्यांसाठी उचलला आणि त्याला घरचा ‘बाजा’ जोडून ‘बँडबाजा’ केला. ‘कागदपत्र’, ‘धनदौलत’ यांच्याप्रमाणेच हा परका आणि घरचा असे दोन समानार्थी शब्द जोडून केलेला समास होय. पण रॉक बँडचा अर्थ ‘बाजा’पेक्षा ‘मंडळी’शी अधिक जुळतो. १९१३ साली राजहंस, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे भागीदारांपैकी टेंबे व बोडस निघून गेले आणि मंडळी त्याच नावाने चालत राहिली. भागीदारी, फूट, कर्ज, नावावरचा हक्क हे सारे रॉक संघांच्या इतिहासात पुन्हा घडलेले दिसते. ‘रोलिंग स्टोन्स’ १९६२ साली स्थापन झाले, त्यांचे ढोलवादक चार्ली वॉट्स २०२१ साली ऐंशीव्या वर्षी वारले, आणि दौरा थांबला नाही. ‘यू टू’च्या २०२३ मधील लास व्हेगासच्या कार्यक्रमांत लॅरी मुलन शस्त्रक्रियेमुळे नव्हते, त्यांच्या जागी दुसरा वादक बसला.

नाव टिकते; गळा टिकत नाही. येथे मंडळ्यांचा अनुभव रॉक संघांहून जुना आणि अधिक कठोर आहे. पुरुषांनीच स्त्रीभूमिका करावयाच्या त्या काळात मुलगा मंडळीत येई तो दहा-बारा वर्षांचा असताना, आणि त्याचे पहिले ‘म्हातारपण’ चौदाव्या-पंधराव्या वर्षीच येई : आवाज फुटे. आवाज फुटल्यावर ज्याचा गळा पुन्हा जुळून आला तो राहिला. ज्याचा नाही, त्याच्या हाती दुसरे काम आले. गायकाचे आयुष्य आणि गळ्याचे आयुष्य वेगळे असते, हे मंडळीच्या मालकास व्यवहारानेच ठाऊक होते.

बालगंधर्वांचे उदाहरण या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यांचा जन्म १८८८ चा. ‘मानापमान’ १९११ साली, ‘स्वयंवर’ १९१६ साली, ‘एकच प्याला’ १९१९ साली. ८ जुलै १९२१ रोजी केशवराव भोसल्यांसह ‘संयुक्त मानापमान’. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव ऐन तिशीत वारले. रॉकच्या इतिहासात जिमी हेंड्रिक्स, जेनिस जॉप्लिन व जिम मॉरिसन हे तिघे १९७० आणि १९७१ या दोन वर्षांत, प्रत्येकी सत्ताविसाव्या वर्षी गेले आणि कायमचे तरुण राहिले, तसे केशवराव मराठी मनात तरुणच राहिले. बालगंधर्व मात्र १९६७ पर्यंत जगले. १९३५ साली ‘धर्मात्मा’ या बोलपटात त्यांनी एकनाथांची भूमिका केली, पण चित्रपटात त्यांचा जीव रमला नाही. ते रंगभूमीवर परतले आणि पन्नाशी उलटून गेल्यावरही भामिनी, रुक्मिणी, सिंधू उभ्या करीत राहिले. ते पाहून हळहळणारे रसिक पुष्कळ होते. परंतु ही हळहळ कशाची होती, हे नीट पाहिले पाहिजे. ती बव्हंशी डोळ्यांची होती. देह जड झाला, लुगड्याची ऐट राहिली नाही, नायिकेचे वय व नटाचे वय यांतील अंतर लपेना. कानांची तक्रार त्या मानाने थोडी होती. आणि पुढे रूप बाजूला ठेवून त्यांनी बैठकीत अभंग-भजने गाण्यास आरंभ केला, तेव्हा लोक त्यासाठीही गर्दी करीत.

कानांनी एवढी क्षमा का केली असावी? बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका तर घरोघर होत्या. तारुण्यातील गळा तबकडीवर जसाच्या तसा उपलब्ध होता आणि तुलना करणे कोणासही शक्य होते. माझ्या मते याचे उत्तर तबकडीच्या लांबीत आहे. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. नाटकात तेच पद आलापांनी, तानांनी, ‘वन्समोअर’च्या आरोळ्यांनी वाढत जाई आणि नाटक उजाडेपर्यंत चाले. श्रोत्यांच्या लेखी मूळ पाठ रंगमंचावर होता. तबकडी हा त्याचा संक्षेप होता. भाषाशास्त्रातील भेद वापरावयाचा तर प्रत्यक्ष उच्चार हा मूळ आणि मुद्रिका ही त्याची नोंद. नोंदीशी उच्चार जुळला नाही म्हणून बोलणारा चुकला असे कोणी म्हणत नाही. प्रत्येक प्रयोग हा एक नवा पाठभेद होता, आणि वयोमानाने आलेला बदल त्या पाठभेदांतच जमा होई.

रॉक संगीतात हा संबंध उलटा झाला. त्याचेही वर्ष सांगता येते. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘बीटल्स’नी आपला शेवटचा जाहीर तिकीटविक्रीचा कार्यक्रम केला आणि ते ध्वनिमुद्रणगृहात जाऊन बसले. १९६७ साली तेथून जी मुद्रिका बाहेर पडली तिच्यात अनेक थर एकावर एक चढविलेले होते. चार माणसांनी रंगमंचावर ती तशी वाजविणे त्या काळी शक्यच नव्हते. म्हणजे मुद्रिका ही कोणत्याही प्रयोगाची नोंद उरली नाही, तीच मूळ संहिता झाली. आणि प्रयोग हा तिचा पाठ, चांगला अथवा वाईट, पण पाठच. श्रोता संहिता तोंडपाठ करून येतो. पंचविशीत एकदाच, अनुकूल क्षणी, दहा प्रयत्नांतून निवडून टिपलेला तार सप्तकातला स्वर हा त्याच्या दृष्टीने त्या शब्दाचा एकमेव शुद्ध उच्चार असतो. साठीतला गायक तेथे पोहोचू शकत नाही. आपल्याकडचा गवई वयोमानाप्रमाणे सहज पट्टी उतरवतो. काळी चारचा काळी दोनवर आला तर मैफलीत कोणी हिशेब मागत नाही. रॉक संघही गिटारच्या तारा सैल करून अर्धा स्वर खाली येतात, पण ते चोरीचे काम असल्यासारखे, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने.

मात्र पारायणाचा एक गुण या वृद्ध गायकांच्या मदतीस येतो. पारायणात वाचणाऱ्याचा घसा बसलेला असला तरी ग्रंथाचे पावित्र्य कमी होत नाही, कारण ऐकणाऱ्यांस ओव्या आधीच ठाऊक असतात. मोठ्या मैदानावरील कार्यक्रमांत उंच स्वराची ओळ आली की गायक ध्वनिक्षेपक समोर धरतो आणि ती ओळ हजारो लोक म्हणतात. पोवाड्यातील झीलकरी दुसरे काय करतो? शाहिराचा दम संपतो तेथे झीलकऱ्याचा ‘जी जी’ सुरू होतो, आणि तमाशात सुरत्या उंच सूर धरून ठेवतो तो मुख्य गायकाला श्वास घेता यावा म्हणूनच. आपल्या लोककलांनी गायकाचे वय गृहीत धरून ही व्यवस्था आधीच करून ठेवली आहे. म्हणून शाहीर उतारवयात निवृत्त होत नाही. विठ्ठल उमप ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरला कार्यक्रमाच्या व्यासपीठावरच कोसळले व वारले. त्यांनी त्या वयात गाणे सोडावयास हवे होते असे कोणाच्या मनातही आले नसावे.

मग आपल्याकडील रॉक मंडळींचे काय झाले? येथे सामग्री थोडी आहे, कारण बहुतेक संघ म्हातारे होण्याइतके जगलेच नाहीत. मुंबईत १९८४ साली निघालेला ‘रॉक मशीन’ हा संघ इंग्रजीतून स्वतःची गाणी रचणाऱ्यांत अग्रेसर. १९९३ साली त्याने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, १९९७ साली तो मोडला आणि २०१० साली, सभासद मध्यमवयात आल्यावर, पुन्हा जुळला. २०१२ साली त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ ही नवी मुद्रिका काढली. जुन्याच गाण्यांवर न राहता नवे रचावे हा त्यांचा निर्णय मला धाडसाचा वाटतो. नव्या गाण्याला तरुणपणचा पाठच नसतो, त्यामुळे तुलनेचा प्रश्न उद्भवत नाही. नंदू भेंडे यांची वाट आणखी निराळी. आत्माराम भेंडे यांच्यासारख्या नाटकवाल्याच्या घरात ते वाढले, १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडासची भूमिका गायिली, आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांनी ब्रेश्टवरून रचलेल्या व जब्बार पटेलांनी बसविलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रॉकच्या ढंगाने गाऊन मराठी प्रेक्षकांस एक अपरिचित आवाज ऐकविला. ते २०१४ साली वारले. संगीत नाटकाची परंपरा आणि रॉक यांची मराठीत झालेली ही सर्वांत ठळक भेट होय. तिचा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे, आणि एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो हाती घ्यावा. त्या प्रयोगांना आलेले प्रेक्षक आजही भेटतात, पण फार दिवस भेटणार नाहीत.

अलीकडच्या दोन घटना आमच्या प्रश्नाची दोन टोके दाखवितात. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅम येथे ‘ब्लॅक सॅबथ’ या १९६८ साली त्याच गावात निघालेल्या संघाने निरोपाचा कार्यक्रम केला. गायक ऑझी ऑझबर्न शहात्तर वर्षांचे होते आणि कंपवातामुळे त्यांस उभे राहता येत नव्हते. त्यांनी सिंहासनावर बसून गायिले. बालगंधर्वांच्या बैठकीची येथे आठवण होते. डोळ्यांची तक्रार त्यांनी सर्वांसमोर मान्य करून टाकली होती, आणि मग कानही हट्टास पेटले नाहीत. बावीस जुलैला ते वारले.

दुसरे टोक लंडनचे. तेथे मे २०२२ पासून ‘ॲबा’ या स्वीडिश संघाचा कार्यक्रम चालू झाला. ‘ॲबा’ हा काटेकोर अर्थाने रॉक नव्हे, पॉप संघ. पण त्याचीही संहिता ध्वनिमुद्रणगृहातच घडलेली. या कार्यक्रमात वादक जिवंत असतात, गायक नसतात. त्यांच्या जागी १९७९ च्या सुमारास ते दिसत तशा संगणकाने घडविलेल्या प्रतिमा नाचतात व गातात. आवाज जुन्या मुद्रणांतला. येथे उच्चाराची गरजच उरली नाही, संहिता स्वतःच रंगमंचावर आली. २६ मे २०२२ च्या पहिल्या प्रयोगास ते चौघेही प्रेक्षागृहात होते. सर्वांनी सत्तरी ओलांडलेली होती. प्रयोग संपल्यावर ते रंगमंचावर आले, एक ओळही न गाता त्यांनी प्रेक्षकांस अभिवादन केले, आणि टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.