होळीचा उजेड आणि २५५ चा आकडा

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या नाचतात आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. या क्षणाचा फोटो काढला तर बहुधा ज्वाळेच्या जागी पांढरा डाग उमटतो, नाहीतर नाचणाऱ्यांच्या जागी काळोख. आपल्या डोळ्यांना मात्र दोन्ही दिसलेले असते. असे का होते?

नेहमीच्या डिजिटल चित्रात प्रत्येक बिंदूच्या लाल, हिरव्या आणि निळ्या घटकाला ० ते २५५ यांपैकी एक अंक मिळतो. पर्जन्यमापक काठोकाठ भरला की पुढे किती पाऊस पडला ते कळत नाही. तसेच २५५ च्या पुढे ज्वाळा दुप्पट तेजस्वी होती की शंभरपट, याची नोंद राहत नाही. अंधाऱ्या भागात तर सगळा चेहरा तळच्या दोन-चार अंकांत कोंबला जातो.

ही अडचण जुनीच आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समधील गुस्ताव ल ग्रे समुद्राचे फोटो काढत. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्याने समुद्र नीट येईपर्यंत आकाश पांढरेफटक होई. त्यांनी आकाश आणि समुद्र यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक चित्र छापले. पुढे अमेरिकेत चार्ल्स वायकॉफ यांनी अणुस्फोट टिपण्यासाठी कमी-जास्त संवेदनशीलतेच्या तीन थरांची फिल्म तयार केली. १९९७ मध्ये पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी कमी-जास्त वेळ प्रकाश घेतलेल्या अनेक फोटोंवरून दृश्यातील तेजाचे खरे प्रमाण काढण्याची रीत मांडली. मूळचे नाशिकचे रमेश रासकर यांनी २००४ मध्ये सहकाऱ्यांसह रात्रीच्या चित्रात त्याच जागेच्या दिवसाच्या चित्रातील तपशील मिसळून दाखवले.

या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे: प्रत्येक तपशील कुठल्या ना कुठल्या काचेवर, थरावर किंवा फोटोत खरोखर नोंदलेला होता.

पण हाती एकच साधे चित्र असेल तर? अशा चित्राचा तेजस्वी भाग गणिताने ताणण्याच्या रीती पुढे आल्या. २०१७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी, असंख्य चित्रांवरून शिकलेल्या संगणकी जाळ्याकडून पांढऱ्या डागातील हरवलेले तपशील भरून घेतले. चित्र डोळ्यांना सुखावते, पण भरलेला भाग हा अंदाज असतो, मोजमाप नव्हे.

इथेच आपल्याला सावध राहायला हवे. काठीच्या एखाद्या जुन्या फोटोत बुध्याचा चेहरा पूर्ण काळा असेल, तर संगणक तिथे चेहरा काढील. पण तो त्या रात्री नाचलेल्या माणसाचा नसेल. त्याच्या नातवाने तो आजोबांचा मानला तर? म्हणून मूळ फोटो जपावा आणि बदललेल्या प्रतीवर तसे स्पष्ट लिहावे.

वर्गात करून पाहा. खिडकी आणि फळा दोन्ही येतील असे तीन फोटो मोबाइलने, तो न हलवता, कमी, मध्यम आणि जास्त प्रकाश घेऊन काढा. बाहेरचे झाड कोणत्या फोटोत आहे आणि फळ्यावरची अक्षरे कोणत्या, हे मुलांना शोधू द्या. मग विचारा: एकच फोटो ठेवायचा असता, तर आपण काय गमावले असते?